उत्सवाच्या शहरात शहापूर-मुरबाड

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाद्रपदात हरितालिकेच्या आदल्या पहाटे आसनगावच्या फलाटावर जो उभा राहील त्याला मुंबईच्या गणेशोत्सवाची खरी सुरुवात पाहावयास मिळेल. पाऊस रिपरिपत असतो. शहापूर तालुक्यातील पाड्यापाड्यांवरून आलेल्या ठाकूर, कातकरी, वारली बाया डोक्यावरचे भारे खाली ठेवून गाडीची वाट पाहत असतात. भाऱ्यांत दूर्वांच्या जुड्या असतात. आघाडा, बेल, रुई, शमी, माका, डोरली अशी पत्री असते, तेरड्याचे रोप असते, आंब्याचे टहाळे असतात आणि कुठे कळलावीची दोन-चार फुले असतात. दोन दिवस रानात हिंडून हे सारे गोळा केलेले असते. दूर्वा एकवीस-एकवीस मोजून, सोपटाने बांधून जुड्या केलेल्या असतात. मुरबाडकडच्या बायांना तर रेल्वेही नाही. त्या एस.टी.ने कल्याणला उतरतात आणि तेथून पुढची गाडी धरतात. लगेजच्या डब्यात भारे चढतात आणि त्यांच्यावर बाया बसतात. उजाडेपर्यंत दादर येते.

चार दिवसांनी त्याच फलाटावरून दुसरी माणसे निघतात. ती तरुण असतात, नवे कपडे घातलेली असतात आणि त्यांच्याजवळ भारे नसतात. लालबागचा राजा पाहायचा, परळ, गिरगाव पाहायचे आणि जमले तर रात्रभर फिरून पहाटेच्या गाडीने परतायचे, असा त्यांचा बेत असतो. गावोगावचे कार्यकर्ते त्यांच्यासाठी गाड्या ठरवितात. पक्ष कोणताही असो, गणपतीदर्शनाची सहल हा तालुक्याच्या राजकारणातील एक ठरलेला विधी होऊन बसला आहे.

या दोन प्रवासांचा एकमेकांशी काय संबंध आहे आणि उत्सवाच्या शहरात जाणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या माणसाचे तेथे नाते काय, हा आजचा विषय आहे. हे दर्शनाला जाणारे पाहुणे आहेत असे शहराला वाटते, आणि दुर्दैवाने त्यांनाही तसेच वाटते. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

इतिहासातील दोन तारखा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात. १८९२ साली शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी मुंबईला मिळू लागले. १८९३ साली गिरगावात, केशवजी नाईकांच्या चाळीत, मुंबईचा पहिला सार्वजनिक गणेशोत्सव बसला. एकामुळे दुसरे घडले असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक उत्सवाची कारणे राजकीय होती आणि लोकमान्य टिळकांचे नाव त्यांच्याशी जोडलेले आहे. परंतु ज्या चाळींत हा उत्सव वाढला, त्या चाळींना आणि ज्या गिरण्यांच्या मजुरीवर त्या चाळी उभ्या राहिल्या, त्या गिरण्यांना पाणी लागत होते. १८६० साली बांधून झालेला विहार आणि १८७९ चा तुळशी हे मुंबईच्या जवळचे तलाव वाढत्या शहराला अपुरे पडू लागले होते. तहानलेल्या शहराने मग ठाण्याच्या डोंगराकडे हात लांबविला. हा हात पुढे कधीच आखडला नाही. १९५७ साली वैतरणेवर मोडक सागर झाला. त्यानंतर ऊर्ध्व वैतरणा आणि भातसा आले, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा पुरे झाले.

आज मुंबई महापालिका दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहराला पुरविते. सात तलावांची मिळून जी साठवणक्षमता आहे तिचा जवळजवळ निम्मा भाग एकट्या भातसाचा आहे, आणि भातसा शहापूर तालुक्यात आहे. भातसाचे पाणी सोडले की ते नदीच्या पात्रातून खाली पिसे येथील बंधाऱ्यापाशी येते, तेथून उपसले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि जलवाहिन्यांतून मुंबईकडे जाते. सातही तलाव काठोकाठ भरल्याची बातमी बहुधा गणपतीच्याच सुमारास वर्तमानपत्रांत येते. वाचणाऱ्याला हायसे वाटते आणि तो सणाच्या तयारीला लागतो. तानसा, भातसा, वैतरणा ही नावे त्याला तोंडपाठ असतात. मात्र ती कोणाच्या तरी गावाशेजारून वाहणाऱ्या नद्यांची नावे आहेत हे त्याच्या मनात येत नाही.

मार्च उजाडला की याच नद्यांच्या खोऱ्यांतील पाड्यांवर टँकर सुरू होतात. टँकर कोरड्या विहिरीत रिता होतो आणि त्या गढूळ पाण्यावर हंडे तुटून पडतात. ज्या तालुक्यात पावसाळ्यात डोळ्यांपुढचे दिसू नये असा पाऊस कोसळतो, त्या तालुक्यात हे का व्हावे? सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही. पडलेला पाऊस वाहून जातो. तो अडविण्याच्या मोठ्या जागा शहरासाठी राखल्या गेल्या आणि पाडे मात्र धरणाच्या पातळीहून उंचावर राहिले. शहराकडे पाणी उताराने जाते. पाड्यावर ते चढवावे लागते. चढविण्यास वीज लागते, विजेचे बिल ग्रामपंचायतीला झेपत नाही, आणि योजना कागदावर चालू व प्रत्यक्षात बंद राहते. म्हणूनच घाटावरच्या इगतपुरी तालुक्यातील भावली धरणातून उताराने शहापूरच्या गावांना पाणी आणण्याच्या योजनेची मागणी पुढे आली. स्वतःच्या तालुक्यात तानसा आणि भातसा असताना पाण्यासाठी घाटमाथ्याकडे पाहावे लागते, यातच सारा हिशेब आला.

मुरबाडची कहाणी निराळी नाही. तेथील बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचे. त्याचे पाणी कारखान्यांना आणि कल्याण, डोंबिवली, अंबरनाथसारख्या शहरांना जाते. त्यानंतर काळू नदीवरही शहरांसाठी धरण बांधण्याचे ठरले. वनखात्याची आवश्यक परवानगी नसताना काम सुरू झाले, श्रमिक मुक्ती संघटनेने ते न्यायालयात नेले आणि २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काम थांबविले. प्रस्ताव मात्र मेला नाही. तो पुन्हा पुन्हा डोके वर काढीत आला आहे.

तेव्हा दादरच्या फुटपाथवर दूर्वांची जुडी मांडून बसलेली बाई जेव्हा तहान लागली म्हणून समोरच्या उपाहारगृहात पेलाभर पाणी मागते, तेव्हा ती आपल्याच तालुक्याचे पाणी मागत असते. तिला ते ठाऊक नसते, आणि देणाऱ्यालाही नसते.

आता तिच्या बसण्याकडे येऊ. दादर पश्चिमेला स्थानकाबाहेर किंवा कल्याणच्या बाजारात या बाया एक-दोन रात्री उघड्यावर काढतात. माल नाशवंत असतो. चतुर्थीची सकाळ टळली की दूर्वांची किंमत गवताइतकी होते. म्हणून घासाघीस करणाऱ्याशी त्यांना फार ताणता येत नाही. त्यात जागा कोणाची, हा प्रश्न क्षणोक्षणी उभा राहतो. कायम बसणारा विक्रेता उठवितो, कोणी जागेचे पैसे मागतो आणि पालिकेची गाडी आली की भारा उचलून पळावे लागते. दसऱ्याला आपट्याची पाने, झेंडू आणि भाताच्या लोंब्या घेऊन त्या पुन्हा येतात, आणि पुन्हा तेच घडते.

हे पैसे वरखर्चाचे नव्हेत. भाद्रपद हा या पाड्यांवरचा ओढीचा महिना. आवणी संपलेली असते, मजुरी थांबलेली असते, घरातला जुना दाणा सरलेला असतो आणि शेतातले भात अजून हिरवे असते. हळवे भात हाती येईपर्यंत घर चालवायचे ते या पत्रीवर. पुढे दिवाळी झाली की वीटभट्टीचा मालक उचल घेऊन दारात येतो. ज्या घरात चार पैसे असतात ते घर त्याच्याशी दोन शब्द बोलू शकते; ज्या घरात काहीच नसते ते घर मुलाबाळांसह भट्टीवर जाते आणि पावसाळ्यापर्यंत तेथेच अडकते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. पण उचलीची गाठ केवळ कायद्याने सुटलेली नाही. गणपतीतली कमाई ती गाठ सोडवील असे नव्हे. परंतु भारा निम्म्या भावात गेला किंवा गाडीत जप्त झाला तर ती गाठ अधिक घट्ट होते, एवढे निश्चित.

लालबागच्या राजाचे दर्शन घेण्यासाठी रांगेत तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या आपल्या तरुणांना एक गोष्ट कोणीतरी सांगितली पाहिजे. हा गणपती मुळात कोणाचा? लालबागला पेरू चाळीच्या जागेत भरणारा बाजार १९३२ साली बंद पडला. तेथील कोळी आणि लहान विक्रेते उघड्यावर आले. हक्काची जागा मिळावी म्हणून त्यांनी नवस केला, जागा मिळाली, आणि १९३४ साली त्यांनी गणपती बसविला. ज्या मूर्तीपुढे आज देशातील धनवंत आणि सत्तावंत हात जोडून उभे राहतात, ती मूर्ती मासळी आणि भाजी विकणाऱ्यांच्या एका साध्या मागणीतून उभी राहिली. ती मागणी होती बसायला जागेची. नव्वद वर्षे उलटून गेल्यावर त्याच शहरात त्याच उत्सवासाठी पत्री आणणारी बाई तीच मागणी घेऊन फुटपाथवर बसलेली आहे. तिने नवस कोणाला करावा?

शेजारी ठेवून पाहावी अशी दुसरी यात्राही आहे. मुरबाड तालुक्यातील म्हसे गावी पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची यात्रा भरते. बैलांचा मोठा बाजार होतो, घोंगड्या, भांडी, शेतीची अवजारे येतात आणि कोठकोठले व्यापारी पाले ठोकून बसतात. बाहेरून आलेल्या विक्रेत्याशिवाय यात्रा होत नाही, हे त्या गावाला पक्के ठाऊक असते. म्हणून खेडे आपल्या यात्रेत परक्याला जागा करून देते. शहराने आपल्या उत्सवात खेड्याला तेवढीही जागा ठेवलेली नाही.

यावर आपल्याच चळवळीतील काही जण एक उत्तर देतात आणि ते नीट ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, हा उत्सवच मुळात उधळपट्टीचा झाला आहे. त्यात भांडवलदारांच्या जाहिराती, पुढाऱ्यांच्या कमानी आणि कानठळ्या बसविणारे आवाज आहेत. पुरोगामी कार्यकर्त्याने त्यापासून दूर राहावे आणि तरुणांनाही दूर ठेवावे. या म्हणण्यात तथ्य नाही असे नव्हे. परंतु या मार्गाने आजवर काय साधले? तरुण दूर राहिले नाहीत. कार्यकर्ता मात्र त्यांच्यापासून दूर राहिला. ज्या गाड्या गणपतीला गेल्या त्यांचे भाडे दुसऱ्या कोणी दिले आणि रस्त्यात घोषणाही दुसऱ्याच कोणाच्या झाल्या. पाड्यावरच्या मुलाला रोषणाई पाहावीशी वाटते, गर्दीत मिसळावेसे वाटते, एका रात्रीपुरते मोठ्या शहराचे व्हावेसे वाटते. या इच्छेची टवाळी करणारा समाजवाद त्या मुलाला काय देणार? शिवाय पत्री विकणाऱ्या बाईला हा उत्सव बंद पडायला नको आहे. तिला त्यातली आपली जागा हवी आहे.

समाजवादी परंपरेने या बाबतीत मार्ग पूर्वीच दाखविला आहे. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरला उपोषण केले, ते विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून. वारी चुकीची आहे असे गुरुजींनी म्हटले नाही. वारीचे दार सर्वांना उघडे का नाही, असे विचारले. बाबा आढावांनी १९७२ पासून ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालविली. गावातील पाण्यावर कोणाचा हक्क, हा प्रश्न त्यांनी पाणवठ्यावर उभे राहून विचारला. आणि याच मुंबईत मृणाल गोरे यांनी गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून असा लढा दिला की लोक त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणू लागले.

मृणालताईंचे नाव येथे मुद्दाम घेतले पाहिजे. शहर विरुद्ध खेडे अशी सोपी लढाई उभी करण्याचा मोह आपल्या तालुक्यात नेहमीच होतो. ‘मुंबईचे पाणी तोडा’ ही घोषणा टाळ्या घेते. परंतु पाणी तुटले तर ते पहिल्यांदा कोणाचे तुटेल? उंच इमारतीतील टाक्यांचे नव्हे. तुटेल ते झोपडपट्टीतल्या सार्वजनिक नळाचे, जेथे शहापूर-मुरबाडहून गेलेली माणसेही राहतात. शहरातील तहानलेला आणि तालुक्यातील तहानलेला एकमेकांचे शत्रू ठरले तर ज्यांची तहान भागलेली आहे ते निश्चिंत होतील. म्हणून मागणी पाणी तोडण्याची नसावी. ती वाट्याची असावी. जलजीवन मिशनने २०१९ साली ग्रामीण माणसाला दिवसाला ५५ लिटर हे मान धरले. शहरांसाठी माणशी १३५ लिटरचे मान धरले जाते. ही तफावत न्याय्य आहे काय हा वाद पुढे करता येईल. आधी ५५ लिटर तरी पाड्यावर पोचतात काय, ते मोजून मांडले पाहिजे.

यातून कार्यकर्त्यांपुढे तीन कामे उभी राहतात.

पहिले काम बसण्याच्या जागेचे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली झाला. परंतु विक्रेत्यांची गणना होते त्या दिवशी जी बाई आपल्या शेतात असते ती यादीत येत नाही. वर्षातून पंधरा-वीस दिवस विकणारीलाही त्या दिवसांपुरता हक्क असला पाहिजे, ही मागणी मुंबई आणि कल्याण-डोंबिवलीच्या पालिकांकडे लेखी गेली पाहिजे. २०२५ साली राज्य शासनाने गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. महोत्सव राज्याचा असेल तर त्याची पत्री खुडणारी बाईही राज्याची मानली पाहिजे. तिला दहा दिवस बसायला छप्पर, रात्री झोपायला सुरक्षित जागा आणि शौचालय एवढे देणे कोणत्याही पालिकेला अशक्य नाही.

दुसरे काम रानाचे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला. हा हक्क ग्रामसभेने हाती घेतला तर एकेकटीने भारा नेऊन पडत्या भावात विकण्याची पाळी येणार नाही. पाड्यावरच मोजणी व्हावी, एकत्र वाहतूक व्हावी, भाव आधी ठरावा. त्याबरोबर रानाचेही पाहावे लागेल. आपट्याची झाडे फांद्या ओरबाडून संपत आली की बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाची पाने जातात. कोणत्या झाडाची किती फांदी घ्यायची हे ग्रामसभा ठरवील, तरच पुढच्या दसऱ्याला विकण्यासारखे काही राहील.

तिसरे काम दर्शनाला जाणाऱ्या तरुणांबरोबर करायचे आहे. त्यांची सहल थांबवू नये. कार्यकर्त्याने त्यांच्याबरोबर जावे. वाटेत पिसे आणि पांजरापूर कोठे आहे ते सांगावे. मंडपात गेल्यावर दर्शन झाले की मंडळाच्या कार्यालयात जाऊन दोन गोष्टी मागाव्यात. एक, पुढच्या वर्षी मंडपाशेजारी आमच्या तालुक्यातील बायांना पत्री विकण्यासाठी एक कोपरा द्यावा. दुसरी, भाविकांसाठी पाण्याची जी सोय मंडळ करते तेथे एक पाटी लावावी आणि हे पाणी कोठून येते ते तीवर लिहावे. पाटीने पाणी मिळत नाही, हे खरे. पण ज्याला पाणी कोठून येते हे ठाऊकच नाही, त्याच्याकडे वाटा कसा मागणार? अनेक मंडळांतील तरुण चांगले काम करतात, रक्तदान करवितात, पूरग्रस्तांना मदत पाठवितात. त्यांच्याशी कोणी या विषयावर बोललेलेच नाही.

मुरबाडच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले होते. शहराची सत्ता कोणत्या तारांवर उभी आहे आणि त्या तारा कोणाच्या रानातून जातात, हे त्या पिढीने ओळखले होते. तेव्हा राज्य परक्याचे होते म्हणून त्यांना मनोरे पाडावे लागले. आज राज्य आपले आहे, मते आपली आहेत. विजेच्या तारा, पाण्याच्या वाहिन्या आणि २०२५ च्या जूनमध्ये आमण्यापर्यंत पुरा होऊन शहापुरातून जाऊ लागलेला समृद्धी महामार्ग, हे सारे या तालुक्यांच्या अंगावरून शहराकडे जाते. आता हिशेब मागायचा आहे, आणि तो सभेत, ग्रामसभेत, पालिकेच्या दारात उघडपणे मागता येतो.

विसर्जनाच्या रात्री कसाऱ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाड्यांत गुलालाने माखलेली, थकलेली मुले दाराशी झोपी गेलेली असतात. शहर त्यांनी पाहिलेले असते. शहराने त्यांना पाहिले काय, हा प्रश्न त्यांना अजून पडलेला नाही. तो त्यांना पडावा, आणि पुढच्या भाद्रपदात त्यांच्या आईबहिणी भारे घेऊन उतरतील तेव्हा दादरला त्यांच्या नावाची निदान एक ओळ जागा आखलेली असावी, एवढे काम या वर्षात झाले तरी हा अभ्यासवर्ग व्यर्थ गेला असे कोणी म्हणणार नाही.